पाणी आली

राजी,

पक्षाची माणसं घरी येऊन गेली. तुझ्या फोटोला हार घातला, चहा घेतला, आणि चहा संपायच्या आत तुझी जागा मागितली. सुजातासाठी मागितली. आपल्या पोरीनं पोटनिवडणुकीला उभं राहावं असं त्यांचं म्हणणं. जिल्ह्याचा सेक्रेटरी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "आप्पा, लोक अजून रडतायत. ही वेळ गेली की गेली. तुमी फकस्त हो म्हणा, बाकीचं आमी बघतो."

मी म्हणालो, "लोक रडतायत ते तुला बरं दिसतंय. मला बी रडू दे की जरा."

तो हसला. म्हातारा गंमत करतोय असं वाटलं त्याला.

हा आपला जुना वाद. मी म्हणायचो पोरीला दे, तू म्हणायचीस न्हाय. भांडण लागलं की ताटं थंड व्हायची. आता तू नाहीस. मी नुसती मान हलवली की वाद मी जिंकलो. जिंकायला इतकं सोपं झाल्यावर माझी मानच हलेना झाली. हो म्हणावंसं वाटत होतं, आणि म्हणवत नव्हतं.

युनियनवाले अंक काढतायत तुझ्यावर. मला म्हणाले, दोन शब्द लिहा. तुझा जन्म, तुझी पदं, तुझी आंदोलनं ते शिकलेलं कोणीतरी लिहील. मी चौथी पास माणूस. मला तुझ्याशी भांडायचं आहे, तेवढं लिहितो.

माझं गाव माढ्याकडचं. भावकीच्या कटकटीला कंटाळून सोलापुरात आलो आणि गिरणीत लागलो तेव्हा मला मिसरूड फुटत होतं. तू तर जन्मलीसच पूर्वभागात, मागाच्या खटखटीत. तुझा आजा तेलंगणातून आला, तुझा बाप हितंच वाढला, तू हितंच. नीट बघितलं तर ह्या शहरात उपरा मी. पण अख्ख्या जन्मात मला एकानं विचारलं नाही, तू कुठला म्हणून. तुला प्रत्येक निवडणुकीत विचारलं.

भिंतीवर रंगवलं होतं, तेलंगणात परत जा. तू त्याच भिंतीपुढं सभा घेतलीस. म्हणालीस, "थंडी पडली की आमी विणलेली चादर ओढता. तवा ती परकी लागत न्हाय अंगाला. मतदान आलं की आमी परके व्हय?" लोक हसले. मी मागं उभा होतो, मला हसू येत नव्हतं. कोण कुठून दगड मारेल ते बघत होतो. घरी आल्यावर तू लुगड्याच्या पदरानं तोंड पुसत म्हणालीस, "काय माढेकर, तुमाला कोण परत जा म्हणत न्हाय?"

मी म्हणालो, "माढ्यात माझी भाकरी कुणी थापून ठेवली न्हाय."

"मग माझी तेलंगणात ठेवलीय?"

गप जेवलो.

आपण लग्न केलं तेव्हा माझ्या आईनं "तेलंगीण आणली" म्हणून चूल वेगळी मांडली होती. तू आमदार झाल्यावर माझ्या धाकट्या भावानं गावाच्या वेशीला बोर्ड लावला, आमच्या लाडक्या वहिनीसाहेब, आणि तुझ्या फोटोपेक्षा स्वतःचा फोटो मोठा. तू तो बोर्ड बघून लई हसलीस. तुझ्या आईनं पण मला पहिल्यांदा बघितल्यावर तेलुगूत काहीतरी म्हटलं होतं. तू हसलीस आणि अर्थ सांगितला नाहीस. किती वर्षं विचारलं. ते तेवढं घेऊन गेलीस बघ.

आता पाण्याचं.

विड्या वळता वळता तू युनियनमध्ये आलीस आणि युनियनमधून नगरसेविका झालीस. मराठी तुला यायची, भांडायला तर लईच यायची, पण पाण्यापाशी तू चुकायचीस. मी दुरुस्त करायचो. पाणी आलं म्हण, पाणी आली म्हणू नको, लोक हसतात. एकदा तू मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होतीस, हात न थांबवता मला म्हणालीस, "किती आलं?"

"किती म्हंजे?"

"एक पाणी आलं का लई पाणी आली? आमच्यात पाणी एकटं नसतं. नीळ्ळु म्हंजे लई. नीळ्ळु वच्चिनय, लई पाणी आली. तुमचं मराठी पाणी एकटंच येतं, म्हणून पुरत न्हाय."

मी म्हणालो, घागर तर एकच असती की. तू म्हणालीस, घागर एक, पाणी लई.

मग एक दिवस महापालिकेच्या सभेत उठलीस आणि म्हणालीस, आमच्या वॉर्डात चार दिवस झाले, पाणी आली नाहीत. समोरच्या बाकावरून एकजण ओरडला, "बाई, पाणी आली? कुणाबरोबर आली?" सगळं सभागृह हसलं. तसलं हसणं आपल्याला ठाऊक आहे, बाईमाणूस उभी असली की जे हसतात ते. तू खाली बसली नाहीस. म्हणालीस, "तुमच्याकडं रोज येतात, तुमाला त्यांची संगत ठाऊक. आमच्याकडं आलीच न्हाईत म्हणून इचारते."

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया नळापाशी जमल्या की मुद्दाम ओरडायला लागल्या, पाणी आली, पाणी आली. तेलुगू बाया, मराठी बाया, मोहल्ल्यातल्या बाया, सगळ्या. शाहीनबी, तुझ्याबरोबर युनियनमध्ये पहिल्यापासून असलेली, ती तर दारात उभी राहून मला म्हणाली, "भाई, तुमारा नळ सुधर गया क्या? हमारे में तो पानी आली." लोक तुला पाणीआली बाई म्हणायला लागले. चेष्टेनं म्हणणारे होते, मायेनं म्हणणारे होते. पुढच्या निवडणुकीत तीच घोषणा झाली. भिंतीवर मोठ्या अक्षरात. मी पेंटरला म्हणालो, अरे, आलं कर ते. तो म्हणाला, बाईंनी सांगितलंय, हात लावायचा नाही.

त्याच दोन शब्दांवर तू पुढं आमदार झालीस म्हणायला हरकत नाही. मुंबईला तुझं पहिलं भाषण ऐकायला मी वर गॅलरीत बसलो होतो. नवा सदरा खुपत होता. तू म्हणालीस, माझ्या सोलापुरात पाणी आली की बाया मांडीवरचं सूप खाली ठेवून उठतात. अर्धा दिवस पाणी भरण्यात जातो. तेवढ्या विड्या कमी वळल्या जातात, तेवढी मजुरी कमी होते. म्हणजे जे पाणी तुम्ही फुकट देता म्हणता, त्याचे पैसे बाई भरते. सभागृहातले आधी हसले होते, मग गप्प झाले. मी तुझा नवरा म्हणून सांगत नाही, मला तोवर हे कधी सुचलं नव्हतं. मी रोज बघत होतो तुला उठताना. उठलीस, भरलंस, परत बसलीस. त्यात मजुरी जाते हे मी कधी जोडून बघितलं नाही.

नंतर त्या भाषणाचा छापील कागद आला. तू चष्मा लावून वाचलास आणि मला दाखवलास. सगळीकडं पाणी आले, पाणी आले. तिथल्या कुणीतरी शुद्ध करून छापलं होतं. तू म्हणालीस, "बगा माढेकर, ह्यांनी माझी पाणी कमी केली."

मला तेव्हा वाटलं, त्यात काय एवढं. मला अजून वाटतं, शुद्ध छापलं त्यात काही वाईट नाही. हे मी तुझ्या तोंडावर म्हणालो होतो, आताही म्हणतो. मेल्यावर माणसाच्या सगळ्या गोष्टी बरोबर धरायच्या असतात, ते मला जमत नाही.

शोकसभेत लोक म्हणाले, ताईंनी डोंगर हलवला. मी खाली मान घालून बसलो होतो. डोंगर कुठला. एक टाकी झाली. काही गल्ल्यांत नळ आले. घरी बसून काम करणाऱ्या बायांसाठी जो कायदा तू मागत राहिलीस तो झाला नाही. दरवेळी उठायचीस, दरवेळी मंत्री म्हणायचे बघू. एकदा हरलीस, तेव्हा मी मनातून खूश झालो होतो की आता घरी राहशील. तू राहिली नाहीस. हरलेली माणसं जास्त फिरतात हे मला तेव्हा कळलं.

आणि ती आमदार पळवापळवी. टीव्हीवर हॉटेलं दाखवत होते, आमदार बसमधून उतरताना तोंड लपवत होते. दोघंजण आपल्याकडं आले. चांगले कपडे, चांगली भाषा. म्हणाले, "ताई, बॅग भरा, बस खाली उभी आहे. तुमचा कायदा पण होईल, हे आमचं वचन."

तू म्हणालीस, "मला बस लागते. ओकारी येते."

"एसी आहे, ताई."

"मग जास्तच येते."

ते गेल्यावर तू कितीतरी वेळ पाटावर तशीच बसलीस. मी विचारलं, काय झालं. म्हणालीस, "कायद्याचं म्हणाले व्हो. कायदा खरंच झाला असता तर?" मी म्हणालो, त्यांच्या तोंडाला लागू नकोस, खोटारडे आहेत. तू मान हलवलीस, पण तुझं समाधान झालं नव्हतं. नंतर शाहीनबीला तू हे सांगितलं होतंस का? मला वाटतं नाही. बायांना तू सगळं सांगायचीस, हे सांगितलं नसशील. तो प्रश्न तू एकटीनं उचललास. मला आता वाटतं, मी तेव्हा तुझ्याबरोबर बसून तो नीट विचारायला पाहिजे होता. पण तेव्हा मला झोप आली होती.

आता पोरीचं.

सुजाता शाळेत होती तेव्हा तुला पाहुणी म्हणून स्नेहसंमेलनाला बोलावलं होतं. आदल्या दिवशी पोरगी तुला म्हणाली, "अम्मा, तू नुसती बक्षिसं दे. बोलू नकोस." तू बोलली नाहीस. बक्षिसं दिलीस, नमस्कार केलास, खाली बसलीस. घरी येताना रिक्षात तिघं होतो, कोणी काही बोललं नाही. मोठी झाल्यावर तीच पोरगी मराठी घेऊन एम.ए. झाली आणि शाळेत मराठी शिकवायला लागली. लाल पेन घेऊन पोरांच्या चुका काढत बसायची. तू लाडानं म्हणायचीस, माझ्यावर सूड घेतला पोरीनं. ती हसायची, पण तिला ते लागायचं. मला दिसायचं. तुला दिसत होतं का?

कारण तू घरी असायचीसच कुठं. पोरीला ताप असला तरी युनियनच्या बाया दारात. तिच्या लग्नाच्या बोलणीच्या दिवशी कारखान्यावर मोर्चा. ती बोलणी मोडली, पुढं तिनं लग्नाचं नावच काढलं नाही. त्याला मोर्चा कारण होता असं मी म्हणत नाही. पण पोरीच्या मनात एक यादी आहे, आणि त्यात तू नसलेले दिवस आहेत.

म्हणून मी म्हणायचो, तिला दे. एवढं सगळं गमावलंय तिनं तुझ्या आमदारकीपायी, निदान आमदारकी तरी मिळू दे. सगळेच देतात. अकलूजपासून अक्कलकोटपर्यंत बघ, कोण देत नाही आपल्या लेकरांना?

तू म्हणालीस, "मी काय दुकान काढलंय का, पोरीला गल्ल्यावर बसवायला?"

"मग शाहीनबीला देणार काय?"

"मी कुणालाच देणार न्हाय. बाया देतील."

"बायांना काय कळतं राजकारणातलं?"

तू माझ्याकडं बघितलंस. म्हणालीस, "मला बी त्यांनीच दिली होती. तवा त्यांना कळत होतं."

ह्या वादाला शेवट नाही आला. तू आजारी पडलीस. दवाखान्यात पोरगी रात्रंदिवस तुझ्यापाशी. एका दुपारी तिनं विचारलं. मी खुर्चीवर होतो, ऐकलं. "अम्मा, तुझ्यानंतर मी उभी राहिले तर तुला चालेल का?"

तू तिच्याकडं बघितलंस. लई वेळ बघितलंस. मग म्हणालीस, "आधी जेवून ये."

ती जेवून आली. तोवर तुला झोप लागली होती. त्यानंतर तू नीट बोललीच नाहीस.

मंत्र्यांना तू कधी सोडलं नाहीस. हो का नाही ते सांगा म्हणायचीस, बघू म्हणू नका. आणि पोटच्या पोरीला जेवायला पाठवलंस. मी तुला ह्याचा जाब विचारतोय, राजी. हो म्हणायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. पोरगी तुझी होती, ती सहन करती. आता ती तुझ्या त्या तीन शब्दांचा अर्थ लावत बसलीय. कधी म्हणते, अम्मानं नाही म्हटलं नाही, म्हणजे हो. कधी म्हणते, मला उत्तर द्यायचंच नव्हतं तिला.

सेक्रेटरी दुसऱ्यांदा आला तेव्हा ती घरी होती. तो तिला म्हणाला, "मॅडम, प्रचाराची पहिली सभा तुमच्या गल्लीत. भाषणाची सुरुवात आईंसारखीच करायची. पाणी आली. बस. पब्लिक रडणार बगा."

सुजाता म्हणाली, "पण ते चूक आहे."

"चूक हाय म्हणून तर, मॅडम."

तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. मी बाहेर बसलो होतो. आतून आवाज यायला लागला. पोरगी गॅसपाशी उभी राहून म्हणत होती, पाणी आली. मग थांबायची. परत म्हणायची, जरा तुझ्यासारखं ओढून. पाणी आली. बंधूंनो आणि भगिनींनो, पाणी आली. ज्या पोरीनं जन्मभर दुसऱ्यांच्या चुका खोडल्या ती चूक करायला शिकत होती. आणि तिला ती येत नव्हती. तोंडातून शुद्धच निघायचं, मग ती अडखळून मोडायची.

मला बसवेना. तू चुकायचीस ते चुकणं नव्हतंच, तुझ्या भाषेत पाणी लई होतं म्हणून तू म्हणायचीस. हिच्या भाषेत पाणी एक आहे. ही जे म्हणत होती ती खरी चूक होती.

मी आत जाऊन म्हणालो, "सुजाता, ते राहू दे. ते तुझं न्हाय."

तिनं गॅस बंद केला. म्हणाली, "मग माझं काय आहे, आप्पा?"

मला उत्तर सुचलं नाही. तू असतीस तर तुलाही सुचलं नसतं, असं मला वाटतं. का तू तिला परत जेवायला पाठवलं असतंस?

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी उत्तर न्यायला आला. सोबत आणखी दोघं. सुजाता दाराला टेकून उभी. तो म्हणाला, "आप्पा, काय ठरलं? स्टेजवर बसून तुमी नुसता हात वर करायचा. लोकांना तेवढं पुरतं."

मी हो म्हणणार होतो, राजी. खरं सांगतो. तोंडात आलं होतं. मला घर परत भरलेलं पाहिजे होतं. दाराशी चपलांचा ढीग, चहाचं पातेलं उतरतच नाही असं. तू गेल्यापासून घर इतकं रिकामं झालंय की नळ ठिबकला तरी मी दचकतो. पोरगी आमदार झाली असती तर सगळं परत आलं असतं.

आणि मी म्हणालो, "ही जागा माझी न्हाय, हिची बी न्हाय. बायांना इचारा. त्या हो म्हणल्या तर माझं हो."

सेक्रेटरी म्हणाला, "आप्पा, बायांना काय कळतं राजकारणातलं?"

माझेच शब्द, दुसऱ्याच्या तोंडातून. मी त्याला म्हणालो, "न्हाय कळत तर मतं कशाला मागता त्यांची?"

तो उठला. जाताना म्हणाला, पक्षाला जास्त थांबता येणार नाही.

ते गेल्यावर सुजातानं दार लावलं आणि माझ्याकडं वळली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "लहानपणापासून अम्मानं मला बायांच्या मागं उभं केलं. आधी बाया, मग सुजाता. तिचं मला कळत होतं. पण तुम्ही? तुम्ही तर माझ्या बाजूचे होता, आप्पा."

"अजून हाय."

"मग हे काय होतं?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, समोर ठेवायची, आत जायची. तुझ्या बाजूनं मी एकदाच बोललो, आणि माझी पोरगी माझ्याशी बोलायची थांबली. तू असतीस तर मी तुला ह्यावरून लई ऐकवलं असतं.

मग शाहीनबी आली. तिनं सगळं ऐकलं होतं, गल्लीत काही लपत नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन सुजाताच्या शेजारी बसली. म्हणाली, "बेटी, बैठक है युनियन में. आना."

सुजाता म्हणाली, "मला नापास करायला बोलावताय का, मावशी?"

"पास-नापास तुम करते, मास्तरनी. हम तो चाय पिलाते."

सुजाता गेली. रागात गेली, पण गेली. संध्याकाळी आली ती सरळ माझ्यापुढं येऊन बसली आणि बोलायला लागली. म्हणाली, अर्ध्या बाया म्हणतात तू उभी राहा. अर्ध्या म्हणतात शाहीनमावशीनं राहावं. मावशी म्हणते माझे गुडघे गेलेत, माझ्यानं मुंबईचे जिने होत नाहीत. एक म्हातारी म्हणाली, ही पोरगी लहानपणी आमच्याकडं बघून तोंड फिरवायची, हिला कशाला. "आणि ते खरं आहे, आप्पा. फिरवायचे मी." शेवटी काय ठरलं म्हणून विचारलं तर म्हणाली, काही ठरलं नाही. त्या म्हणाल्या, पुढच्या बैठकीला ये. त्याच्या पुढच्या बैठकीला पण ये. मग सांगू.

मी म्हणालो, "पक्ष तोवर थांबायचा न्हाय."

"माहीत आहे."

पक्ष थांबला नाही. सेक्रेटरीनं फोन करून सांगितलं, दुःखानं सांगतोय असं दाखवून सांगितलं. तिकीट एका बिल्डरच्या पोराला दिलंय. तो पक्षात परवा आला. पहिल्या सभेला तो काय म्हणणार आहे तुला सांगू? पाणी आली. सेक्रेटरीच म्हणाला, "ताईंची घोषणा पक्षाची हाय, आप्पा, ती वापरायला लागणार."

मी त्याला शिवी दिली. तुला चालली नसती, पण दिली.

म्हणजे बघ काय झालं ते. तुझ्या म्हणण्याप्रमाणं वागलो आणि तुझी जागा गेली. बायांना मिळाली नाही, पोरीला मिळाली नाही, मिळाली त्याला ज्यानं नळाखाली कधी घागर ठेवली नाही. तू म्हणशील, पुढच्या खेपेला बघू. तूही बघू म्हणशील, मला ठाऊक आहे. मेलेल्या माणसाला घाई नसते. मला आहे. मी पुढची निवडणूक बघेन की नाही कुणास ठाऊक. मी हो म्हणालो असतो तर आज पोरगी अर्ज भरत असती. रोज सकाळी उठलो की पहिलं हेच डोक्यात येतं. मी बरोबर केलं असं मला रोज वाटत नाही. एखाद्या दिवशी वाटतं, आणि त्या दिवशी नेमका तुझा राग जास्त येतो.

आज दुपारी सुजाता परत बैठकीला निघाली. मी म्हणालो, "तिकीट तर गेलं. आता कशाला जातेस?"

ती पर्समध्ये पाण्याची बाटली ठेवत म्हणाली, "त्यांनी पुढच्या बैठकीला ये म्हटलं होतं ना."

दारापर्यंत गेली आणि थांबली. पाठमोरीच म्हणाली, "आप्पा, अम्मानं मला हो म्हटलं असतं का?"

पोरीशी खोटं बोलायचं नाही हे आपलं ठरलेलं. मी म्हणालो, "न्हाय."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं असतं."

तिनं चपला घातल्या. मग गेली.

तू बैठकीवरून यायचीस तेव्हा मी विचारायचो, काय झालं. तू पाय धुता धुता सगळं सांगायचीस, कोण काय बोललं, कोण रुसलं, कोण उठून गेलं. मी निम्मं ऐकायचो. आता दार उघडं ठेवून बसलोय. पोरगी आली की विचारणार आहे, आणि सगळं ऐकणार आहे. सांगेल की नाही, माहीत नाही.

तुझा
माढेकर